ग्रहणात चिरलेली काकडी

१६ फेब्रुवारी १९८०ला सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा कर्नाटकातून गेला. आमच्या मिरजेत पूर्ण अंधार झाला नाही, पण सूर्य बराचसा झाकला गेला होता आणि भरदुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं असं आई सांगते. आईला तेव्हा पाचवा महिना चालू होता, पोटात मी. आजीने तिला मधल्या खोलीत बसवलं होतं, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, काही चिरायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, हालचालसुद्धा जपून. माझा मधला भाऊ तीन वर्षांचा, भुकेने रडायला लागला. आजी देवघरात जपाला बसली होती आणि तिला मध्येच उठता येत नव्हतं, म्हणून आई हळूच स्वयंपाकघरात गेली, विळीवर एक काकडी चिरली, मीठ लावून त्याच्या हातात दिली आणि परत जागेवर येऊन बसली.

ही गोष्ट तिने सत्तावीस वर्षं कोणाला सांगितली नाही. मला सांगितली तीही एकदाच, २००७ मध्ये, आणि ती ऐकल्यावर मला माझ्याबद्दलचा एक प्रश्न, जो मी तोवर फार हौसेने वाचत आणि लोकांना समजावत होतो, तो पहिल्यांदा नकोसा वाटला.

प्रश्न म्हणजे हाच, की माणूस गे जन्मतो का घडतो.

मी घरी सांगितलं ते २००४च्या दिवाळीत. पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, चोवीस वर्षांचा होतो, आणि घरात मुली बघायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या म्हणून मला बोलणं भागच होतं. कोणा मुलीचं वाटोळं करायचं नव्हतं. बाबा रेल्वेत गार्ड होते, ते ऐकून उठले आणि ड्यूटीची बॅग भरायला लागले, ड्यूटी रात्री होती आणि तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी मी परत निघालो तेव्हा चपला घालत होतो, मागून तिने विचारलं, "माझं काय चुकलं रे?"

हा प्रश्न मी नंतर कितीतरी जणांच्या आयांकडून ऐकलाय. वडील सहसा असं विचारत नाहीत. वडील विचारतात "आता लोकांना काय सांगायचं", चूक शोधायचं काम आईकडे. आपल्याकडे मूल चांगलं निघालं तर घराण्याचं नाव काढलं आणि वेगळं निघालं तर आईने वळण लावलं नाही. मावशीचं म्हणणं, पुण्याला पाठवला तिथेच बिघडला. आत्याचं म्हणणं, लहानपणापासून आईच्या पदराला धरून फिरायचा, तेव्हाच सांगत होते. काकूने तर थेट "संस्कार कमी पडले" असं सांगितलं, आणि संस्कार हा शब्द असा आहे की त्याच्यापुढे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला काही बोलता येत नाही.

मग मला एका डॉक्टरांकडे नेलं. मी गेलो, कारण आईला नाही म्हणवेना. डॉक्टरांनी मला दहा मिनिटं विचारलं आणि आईला चाळीस मिनिटं. वडील घरी किती असतात? गार्ड म्हणजे आठवड्यातल्या बऱ्याच रात्री बाहेर, होय ना? मुलगा कोणाजवळ झोपायचा? कितव्या वर्षापर्यंत? तुम्ही त्याला स्वयंपाकघरात घ्यायचात का? आई खरं खरं उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तरागणिक थोडी खाली बसत होती. शेवटी निदान आलं, वडील लांब आणि आई अती जवळ, त्यामुळे मुलाची वाढ चुकली. गोळ्या लिहून दिल्या आणि वर्षाच्या आत लग्न करून टाका असा सल्ला.

मला तेव्हा माहीत नव्हतं की ही थिअरी अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी १९५०-६०च्या दशकांत जोरात मांडली होती, ती पण त्यांच्याकडे बरे व्हायला आलेल्या लोकांवरून, आणि तिकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. म्हणजे मी आणि आई त्या खुर्च्यांवर बसलो होतो तेव्हा ते निदान तिकडे एकतीस वर्षांपूर्वीच मोडीत निघालं होतं. पण एक गोष्ट मला डॉक्टरकी न शिकताही दिसत होती. त्याच घरात, त्याच बापाच्या नाइट ड्यूट्या आणि त्याच आईचा पदर, अशात माझे दोन मोठे भाऊ वाढले. दोघांची लग्नं झालीयेत, दोघांना मुलं आहेत. मी हे बोललो तर डॉक्टर म्हणाले, प्रत्येक मूल वेगळं असतं. होय, तेच तर मी म्हणत होतो.

तिथून आल्यावर मी वाचायला लागलो. अगदी वेड्यासारखं. मला आईच्या मानेवरून ते ओझं उतरवायचं होतं आणि त्यासाठी पुरावा हवा होता. इंटरनेट कॅफेत तासाला पैसे भरून प्रिंट काढायचो, मिरजेला जाताना घेऊन जायचो आणि तिला मराठीत समजावायचो.

पहिलं सांगितलं ते सायमन लव्हेचं. हा न्यूरोसायंटिस्ट स्वतः गे, त्याचा जोडीदार एड्सने गेला, आणि त्यानंतर त्याने मेंदूंचा अभ्यास हातात घेतला. १९९१ मध्ये सायन्स या साप्ताहिकात छापलं. ४१ मृत व्यक्तींचे मेंदू, त्यातले १९ गे पुरुषांचे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातला पेशींचा एक बारीकसा पुंजका गे पुरुषांमध्ये इतर पुरुषांपेक्षा लहान दिसला, जवळपास बायकांमध्ये असतो तेवढा. जगभर हेडलाइन झाली, गे मेंदू सापडला म्हणून. लव्हे स्वतः सांगत राहिला की मी कारण शोधलेलं नाही, हे जन्मापासून असतं असंही सिद्ध केलेलं नाही, मोठ्या माणसांच्या मेंदूत फरक दिसला एवढंच. ते कोण ऐकतंय. मीसुद्धा आईला सांगताना ते वाक्य गाळलं, हे आज कबूल करतो.

मग जुळ्यांचं. त्याच वर्षी बेली आणि पिलार्ड यांनी गे पुरुषांचे भाऊ तपासले, तर एकसारख्या जुळ्यांत ५२ टक्के जोड्यांमध्ये दुसरा भाऊही गे किंवा बायसेक्शुअल, साध्या जुळ्यांत २२, दत्तक भावांत ११. हा आकडा मला पाठ होता. पण ही माणसं जाहिराती देऊन गोळा केलेली होती, आणि जाहिरात बघून कोण पुढे येणार, तर ज्याचा भाऊही गे आहे तोच जास्त. पुढे ऑस्ट्रेलियात जुळ्यांच्या रजिस्टरवरून २००० साली केलेल्या अभ्यासात हा आकडा पुरुषांमध्ये २०च्या आसपास आला. म्हणजे हुबेहूब एकच जीन्स असलेले दोन भाऊ, त्यातला एक गे असेल तर दुसरा बहुतेक वेळा नसतो. जीन्सचा हात आहे, नाहीतर २०ही आले नसते. आणि फक्त जीन्स असते तर १०० आले असते.

डीन हेमरने १९९३ मध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाला एक जागा दाखवली, गे भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांमध्ये ती सारखी निघाली. १९९९ मध्ये कॅनडातल्या टीमला ते सापडलं नाही. आई ऐकायची, तांदूळ निवडता निवडता मान हलवायची, आणि मी पुढचा कागद काढायचो.

ती ऐकत होती, पण ती जे ऐकत होती ते मी सांगत होतो ते नव्हतं. हे मला कळलं ते २००७ला.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षी अँथनी बोगार्टचा अभ्यास आला होता. त्याने आणि रे ब्लँचर्डने १९९६ पासून एक गोष्ट दाखवली होती, की ज्या पुरुषाला जितके मोठे भाऊ जास्त, तितकी तो गे असण्याची शक्यता वाढते, प्रत्येक मोठ्या भावामागे साधारण एक तृतीयांशाने. मोठ्या बहिणींनी फरक पडत नाही. २००६ मध्ये बोगार्टने पुढचं दाखवलं की भाऊ एकाच आईच्या पोटचे असतील तरच हे दिसतं, सावत्र किंवा दत्तक भावांबरोबर एका घरात कितीही वर्षं वाढलात तरी नाही, आणि सख्खे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी दिसतं. मला तर हे फारच पटलं! घरातलं वातावरण बाद, वडलांची नाइट ड्यूटी बाद, लाड बाद. अंदाज असा की मुलाच्या गर्भातलं काही आईच्या शरीराला परकं वाटतं, तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करतं आणि पुढच्या मुलाच्या गर्भातल्या मेंदूवर त्याचा थोडा परिणाम होतो. आणि मी तिसरा मुलगा. मी आईला म्हणालो, बघ, यात तू वाढवलंस कसं त्याचा काही संबंध नाही.

आई म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटातच झालं."

आणि मग काकडीचं सांगितलं.

मी तिला समजावलं, ग्रहणाचा काही संबंध नसतो, ती सावली आहे फक्त. ते तिलाही माहीत होतं, आई अकरावी मॅट्रिक आहे, तिला ग्रहण म्हणजे काय हे पक्कं माहीत आहे. पण ती म्हणाली, तू म्हणतोस संस्काराने नाही, मग राहिलं काय, पोटच राहिलं ना, आणि पोट कोणाचं. मी काय बोलणार. एका डॉक्टरने तिला मला वाढवल्याबद्दल दोषी धरलं होतं, आता तिच्या मुलाने, इतक्या प्रेमाने, कागद दाखवून, तिला मला जन्म दिल्याबद्दल दोषी धरलं. मी तिला सांगायला विसरलो होतो की असा परिणाम असला तरी तो फार छोटा आहे, दोन मोठे भाऊ असलेल्या शंभर मुलांपैकी पंच्याण्णवहून जास्त मुलांना मुलीच आवडतात. पण तो आकडा सांगूनही काही झालं नसतं असं आता वाटतं. कारण तिने विचारलेला प्रश्न विज्ञानाचा नव्हताच. जी गोष्ट वाईट आहे तिच्यासाठीच आपण "कोणामुळे" असं विचारतो. मोठ्या दादाला कॉलेजमध्ये एक मुलगी आवडायची, सगळं घर त्याला चिडवायचं, कोणी आईला विचारलं नाही की याला मुली आवडतात, तुमचं नेमकं काय चुकलं.

मला हे नीट सांगायचंय की मला विज्ञानाचा राग आलेला नाही. उलट त्यातलं जे पक्कं आहे ते पक्कंच सांगितलं पाहिजे, कारण व्हॉट्सअपवर अजूनही होस्टेलमुळे, सिरियलमुळे, इंग्लिश मीडियममुळे मुलं तशी होतात असं फिरत असतं. संगतीने, लाडाने, कडक बापाने किंवा बाप नसल्याने कोणी गे होतं याला पुरावा नाही. कॅनडात १९६५ला जन्मलेल्या डेव्हिड रायमरचं उदाहरण तर सगळ्यांनी वाचावं असं आहे. जुळ्यांपैकी एक, बाळ असताना सुंता करताना अपघात झाला, एका नामांकित मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने ऑपरेशन करून त्याला मुलगी म्हणून वाढवलं, फ्रॉक, बाहुल्या, नंतर हार्मोन्स, आईबापाने पोटतिडकीने सगळं केलं. त्याने ते कधीच स्वीकारलं नाही, चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर पुरुष म्हणून जगायला लागला, एका बाईशी लग्न केलं, आणि २००४ मध्ये आत्महत्या केली. इतक्या लहानपणापासून संपूर्ण वातावरण बदलूनही त्याचं मन कोणाला वळवता आलं नाही, मग होस्टेलची दोन वर्षं काय करणार आहेत.

घोळ या वातावरण शब्दात पण आहे. जुळ्यांच्या अभ्यासात जीन्स सोडून जे जे काही उरतं त्या सगळ्याला एनव्हायर्नमेंट म्हणतात, गर्भातले हार्मोन्स, नाळ कुठे कशी चिकटली, मेंदूच्या पेशी घडताना निव्वळ योगायोगाने झालेले फरक, सगळं त्यात. आपण मराठीत त्याचं परिस्थिती किंवा वातावरण करतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच संगत, सिनेमा आणि आईचा पदर उभा राहतो.

आमच्या घराजवळ सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारी तुम्ही ऐकून असाल, २०२४ मध्ये सतार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. मी बारा वर्षांचा असताना तिथे एका दुकानात एक मुलगा जवारी काढायला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद जुळवायला, शिकत होता, असेल सतरा-अठराचा. मी शाळेतून येताना रोज त्या दुकानाच्या पायरीवर बसायचो, काही काम नसताना. तो घोडी कानसायचा, तार छेडायचा, मान एका बाजूला करून ऐकायचा, परत कानसायचा, आणि त्याच्या मानेकडे बघत बसणं हे माझ्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम होतं. मला त्याचं नाव ठेवता येत नव्हतं, नाव ठेवायचं असतं हेही माहीत नव्हतं. लोक विचारतात तू कधी ठरवलंस, तर मला ती पायरी आठवते. तिथे मी काहीच ठरवत नव्हतो.

तिथे बसून जे ऐकलं त्यावरून मला पुढे हा टक्केवारीचा प्रकार समजला. सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, लाकूड निराळं, आणि शेवटी घोडीवरची जवारी, ती सगळी कारागिराच्या कानावर. आता या सतारीच्या आवाजात भोपळा किती टक्के आणि हात किती टक्के? असा प्रश्न त्या गल्लीत कोणी विचारला तर हसतील. एका सतारीबद्दल त्याला उत्तरच नाही. शंभर सतारी घेऊन त्यांच्या आवाजांत जो फरक आहे तो कशामुळे, हे मात्र विचारता येतं, आणि तेही उत्तर बदलतं. सगळ्या शंभर एकाच उस्तादाने बनवल्या असतील तर फरक भोपळ्यांचाच दिसणार, भोपळे एकाच वेलाचे असतील तर फरक हातांचा दिसणार.

२०१९ मध्ये सायन्समध्येच आंद्रेआ गान्ना वगैरेंचा प्रचंड अभ्यास आला, जवळपास पावणेपाच लाख लोकांचा डीएनए. गे जीन असा एक कुठलाही नाही. पाच जागा ठळक सापडल्या, बाकी हजारो बारीक बारीक फरक, आणि सगळे मिळून लोकांमधला ८ ते २५ टक्के फरक समजावतात. एखाद्या माणसाचा डीएनए बघून तो कोण आहे हे सांगता येत नाही, असं संशोधकांनी स्पष्ट लिहिलं. माणसं बहुतेक सगळी युरोपीय वंशाची, आणि त्यांना विचारलं होतं आकर्षणाबद्दल नाही तर स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी कधी संबंध आला का याबद्दल. इतकं सगळं लिहूनही त्याच वर्षी एकाने साडेपाच डॉलरला तुम्ही किती गे आहात हे डीएनएवरून सांगणारं अ‍ॅप काढलं. शास्त्रज्ञांनी ओरडा केल्यावर ते गेलं. पण ते साडेपाच डॉलर वाचून मला मिरजेजवळचं म्हैसाळ आठवलं.

मार्च २०१७ मध्ये म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी एकोणीस गर्भ पुरलेले सापडले. मिरज तालुक्यातलंच गाव. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला, १९८८ मध्ये, नंतर १९९४ला केंद्राचा झाला, तरी २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. मुलगी मुलगी म्हणूनच जन्मते यावर कोणाचा वाद नाही ना? त्यात कोणी लाड, संगत, पुणं काढत नाही. शंभर टक्के जन्मजात. तिला त्याने वाचवलं का? उलट सोनोग्राफीत दिसतं म्हणूनच ती मारली गेली. उद्या खरंच एखादी टेस्ट निघाली, तर आपण काय करणार आहोत हे आपल्या जिल्ह्यांना विचारायची गरजच नाही.

आणि जात? जातीइतकं जन्मावरून ठरणारं आपल्याकडे दुसरं काय आहे. दोन हजार वर्षं माणसाला तो जन्मलाच तसा म्हणून विहिरीपासून लांब ठेवलं. ज्या समाजात जन्म हेच अपमानाचं सगळ्यात मोठं कारण होतं त्या समाजापुढे मी हात जोडून सांगत होतो, अहो मी जन्मतःच असा आहे, आता तरी मला माणूस म्हणा. मला हे फार उशिरा सुचलं आणि सुचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

जन्मजात असण्याचा आधार घेणारा मी काही पहिला नव्हे. जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १८९७ मध्ये समलिंगी लोकांच्या बाजूने संघटना काढली, हे निसर्गानेच असतं मग शिक्षा कशी करता, हा त्याचा मुद्दा. बर्लिनमध्ये १९१९ला संस्था उभारली, १९३१मध्ये तो भारतातही येऊन गेला होता. मे १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि पुस्तकं जाळली. हिर्शफेल्ड जन्मजात म्हणत होता, नाझींनी त्याचा अर्थ दुरुस्त करायची किंवा नष्ट करायची वस्तू असा लावला. १९४४ मध्ये बुकेनवाल्डच्या छळछावणीत व्हेर्नेट नावाच्या डॅनिश डॉक्टरने गे कैद्यांच्या शरीरात हार्मोनच्या कृत्रिम ग्रंथी बसवून बघितल्या. हिर्शफेल्डच्याही आधी, १८६९ मध्ये, होमोसेक्शुअल हा शब्द पहिल्यांदा छापला त्या हंगेरियन लेखकाने, कर्टबेनीने, बजावलं होतं की जन्मजातपणावर भिस्त ठेवू नका, दोन मोठ्या माणसांच्या खाजगी, राजीखुशीच्या आयुष्यात सरकारचं काम काय हा मुद्दा लावून धरा. मी हे २००४ला वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडेही हे बोलून झालंय. र. धों. कर्वे १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवत होते, वाचक लाजत लाजत प्रश्न पाठवायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलचेही होते, आणि कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. त्याच्या पुढच्या वर्षी येवल्यात बाबासाहेब म्हणाले, हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला लाखो माणसांनी जन्माने मिळालेलं टाकून दिलं आणि स्वतः निवडलेलं घेतलं. त्यांच्या निवडीला कोणी गुणसूत्राचा दाखला मागत नाही, मागूही नये. घटनेचं पंचविसावं कलम धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, तो जन्माने आला का चाळिसाव्या वर्षी पटला हे न विचारता देतं.

मी माझं आकर्षण निवडलं नाही. ते बदलून बघायचा प्रयत्न केला, ते जमत नाही, आणि कोणावर असे उपचार करणं हा आता डॉक्टरांसाठी गैरवर्तनाचा विषय आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तसं काढलंय, मद्रास हायकोर्टाच्या २०२१च्या निकालानंतर. पण समजा निवडलं असतं. समजा माझी एखादी मैत्रीण म्हणाली, मला दोन्ही जमलं असतं, मी हिला निवडली. मग तिचं घर, तिचं प्रेम कमी खरं झालं का? मला नाही वाटत.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या बाबतीत आमच्या बाजूने निकाल दिला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. त्या निकालात लैंगिक कल नैसर्गिक आणि जन्मजात असतो असं आहे, आणि ते वाचून बरं वाटलंच. पण मी परत परत वाचले ते न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांचे शब्द, की इतिहास या लोकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं देणं लागतो, माफीचं. घरच्यांचं, हा शब्द मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली परत वाच. परत वाचला. बाबा तेव्हा नव्हते, ते २०११ला गेले, जाण्याआधीच्या वर्षी त्यांनी मला न सांगता माझ्या पुण्याच्या पत्त्यावर दोन माणसांना पुरेल एवढा भडंगाचा डबा पाठवला होता. आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं तेवढंच.

काकडीचा विषय आईने परत काढला नाही, मीही नाही. कागद नेणं मी बंद केलं. २०१९चा तो पावणेपाच लाखांचा अभ्यास मी तिला सांगितलासुद्धा नाही.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला सूर्यग्रहण होतं, सकाळी आठपासून अकरापर्यंत, आपल्याकडे खंडग्रास. आम्ही दोघं, मी आणि माझा जोडीदार, आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीने निघालो होतो, सकाळी मिरजेला उतरलो. घरी पोचलो तर समोरच्या घरात दारं-खिडक्या बंद, त्यांच्या सुनेला सातवा महिना होता. आईने आजवर स्वतः कधी ग्रहणात खाल्लेलं नाही, त्यामुळे मी याला वाटेतच सांगून ठेवलं होतं की अकरापर्यंत काही मिळणार नाही, मागू नकोस. तो आंघोळ करून आला आणि पेपर घेऊन गप्प बसला. बाहेर ऊन पिवळट, मंद व्हायला लागलं होतं.

स्वयंपाकघरातून विळीचा आवाज आला. मी उठून दारात गेलो. आई पाट घेऊन बसली होती, पुढ्यात दोन कांदे, भिजवलेले पोहे, आणि बाजूला एक काकडी. तिने माझ्याकडे बघितलं. मग काकडी उचलली, टोक कापून चोळून कडवटपणा काढला, आणि मला म्हणाली,

"रात्रभर प्रवास करून आलाय तो, त्याला अकरापर्यंत उपाशी ठेवू होय? विचार त्याला, मीठ लावून हवी का कूट घालून."